अर्धा तास इशिता कुठे होती?

१

कागद सापडला बायकांच्या बाथरूममध्ये. हात पुसायच्या कागदांचा डबा भिंतीवर असतो ना, त्याच्या मागे खोचलेला. संध्याकाळी सफाईच्या बाईंनी डबा भरायला उघडला आणि चार घड्यांचा तो कागद त्यांच्या पायाशी पडला. त्यावर पेन्सिलीनं चार भागाकार सोडवलेले होते, अगदी पायरी पायरीनं. आणि नेमके तेच चार भागाकार त्याच दुपारी शेजारच्या खोलीत परीक्षेला आले होते.

अमेरिकेतल्या कॉलेजात भागाकार? हसू नका. ज्यांना प्राथमिक शाळेत शिकवायचं असतं त्यांच्यासाठी आमच्याकडे एक कोर्स असतो. कॅलक्युलेटर बंद आणि शाळेचं गणित पुन्हा पहिल्यापासून. भलेभले तिथे घाम पुसतात.

मी विनीता. दक्षिणेकडच्या एका राज्यातल्या सरकारी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. राज्याचं आणि कॉलेजचं नाव सांगणार नाही, मला अजून तिथे नोकरी करायची आहे. पुणं सोडून जन्म झाला, पण जीभ काही सुधारली नाही. कॉपीच्या प्रकरणांच्या कमिटीवर मी इतकी बसले आहे की मला पाहिलं की पोरं खिशातले हात बाहेर काढतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी इशिताचा फोन आला तेव्हा मी चक्रावलेच.

इशिता म्हणजे मॉरिसव्हिलच्या दीपा आणि संजीवची मुलगी. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत हिला मी परकर-पोलक्यात पाहिलेली. आता सहा फूट उंच झाली होती, केस मानेच्या वर कापलेले, आणि आमच्या कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीममध्ये स्कॉलरशिपवर खेळत होती. आईबाप दोघंही आयटीतले. मुलीनं प्राथमिक शिक्षिका व्हायचं ठरवलं तेव्हा दीपाला आधी वाईट वाटलं होतं, मग तिनं मनाची समजूत घातली.

"मावशी, मला हिअरिंगसाठी एक ॲडव्हायझर लागतो," इशिता म्हणाली. "तू होशील?"

"झालं काय?"

झालं होतं ते असं. मॅचसाठी टीम बाहेरगावी असते तेव्हा खेळाडूंचे पेपर बुडतात. मग ते नंतर खेळाडूंच्या अभ्यासकेंद्रात बसून द्यायचे. फोन, बॅग बाहेर ठेवायची, खिसे रिकामे करायचे आणि काचेच्या खोलीत बसायचं. त्या दुपारी खोलीत दोघीच होत्या, इशिता आणि तिच्याच टीममधली ब्रुक. मध्येच इशिता बाथरूमला म्हणून उठली आणि अर्ध्या तासानं परत आली. चारही उत्तरं बरोबर. संध्याकाळी तो कागद सापडला.

"मग सांग ना त्यांना कुठे होतीस ते. पोट बिघडलं होतं का?"

"मावशी, मी कॉपी केली नाही, आय स्वेअर. पण मी कुठे होते ते तू मला विचारायचं नाहीस. ते विचारणार असशील तर नको होऊस ॲडव्हायझर."

"नाही विचारणार," मी म्हणाले.

२

अभ्यासकेंद्राचा मुख्य होता डेल हार्मन. गोड बोलणारा माणूस. खेळाडूंचे मार्क घसरू द्यायचे नाहीत हे त्याचं काम, कारण मार्क घसरले की मैदानात उतरता येत नाही. परीक्षेचे पेपरसुद्धा प्राध्यापकांकडून बंद पाकिटात आदल्या दिवशी त्याच्याच कपाटात येतात. त्या दुपारी काचेबाहेर बसून लक्ष ठेवणाराही तोच.

"फार वाईट वाटतं," तो मला म्हणाला. "चांगली मुलगी आहे. पण बघा, बाथरूम या खोलीच्या दाराला लागून आहे. दहा पावलं. तिथे अर्धा तास काय करतं माणूस? तिसरं गणित झाल्यावर उठली ती. घाईघाईत गेली."

"आणि ब्रुक? ती उठलीच नाही?"

"सुरुवातीला एकदा. दोन मिनिटांत परत आली. बिचारी तशीही नापास झाली आहे. माझं म्हणणं एवढंच, की पेपर फुटला हे सिद्ध झालं की परीक्षा रद्द करावी आणि ब्रुकला पुन्हा बसू द्यावं. तिनं का भोगावं?"

मग त्यानं माझ्यासमोर दोन कागद ठेवले. एक बाथरूममधला, एक इशिताच्या उत्तरपत्रिकेची प्रत.

"ही विचित्र मांडणी पाहिलीत?"

मी पाहिलं. उलटसुलट करून पाहिलं. मला काही म्हणजे काही विचित्र दिसेना. डावीकडे भाजक, मध्ये भाज्य, उजवीकडे कंसापलीकडे भागाकार, खाली पायऱ्या आणि शेवटी बाकी. "यात विचित्र काय आहे?" मी विचारलं.

हार्मन माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं कागदावर करून दाखवलं. इथे अमेरिकेत भागाकार उजवीकडे लिहीतच नाहीत, तो भाज्याच्या डोक्यावर लिहितात, आडव्या रेघेच्या वर. उजवीकडे काही लिहायचं असेल तर ती बाकी असते. मला मूलबाळ नाही, त्यामुळे इथल्या तिसरी-चौथीची वही मी कधी उघडलीच नव्हती. इतकी वर्षं या देशात राहून मला हे ठाऊक नव्हतं! माझी मलाच लाज वाटली.

"म्हणजे तुम्हीही असंच करता," तो हळूच म्हणाला. "इशिता इथे जन्मलेली, इथल्या शाळेत शिकलेली. तिला हे कुठून येणार? होमवर्क कॉम्प्युटरवर असतो, तिथे नुसतं उत्तर भरायचं, म्हणून तिच्या हातची मांडणी प्राध्यापकांनी आजवर पाहिलीच नव्हती. आणि आमच्या केंद्रात गणित शिकवणारा एक मुलगा आहे. भारतातून आलेला. तुम्ही ओळखत असालच."

ओळखत होते. केदार नागपूरचा, इंजिनिअरिंगला एमएस करणारा. मी सरळ त्याला गाठलं. कागदाचा फोटो पाहिला मात्र, पोराचा चेहरा पांढरा पडला.

"मॅडम," तो म्हणाला, "अक्षर माझंच आहे."

३

"बाप्पा, मला काय माहीत हो!" केदार लायब्ररीच्या मागच्या बाकावर डोकं धरून बसला होता. "आदल्या दिवशी हार्मन सर आले, म्हणाले मुलांच्या प्रॅक्टिससाठी चार गणितं सोडवून दे, स्वच्छ अक्षरात. मी दिली. रोजच देतो न. ते परीक्षेतले आहेत हे मला काय स्वप्न पडलं होतं?"

"मग हे सांगत का नाहीस?"

"कोणाला सांगू? ते तोंडी म्हणाले. उद्या म्हणतील मी असं बोललोच नाही. मग काय राहिलं? अक्षर माझं, मांडणी माझी, पोरगी मराठी, मी मराठी. सगळे म्हणतील दोघांचं संगनमत." त्यानं मान वर केली. "माझी फी या नोकरीतून माफ होते, मॅडम. कॉलेजातून काढलं तर व्हिसा गेला. घरी बाबांनी सगळ्या गावाला पेढे वाटले होते यार."

पोरगा खरं बोलत होता असं मला वाटलं. पण माझ्या वाटण्याला कमिटी काय विचारणार? हार्मन नाही म्हणाला की संपलं. आणि केदार खरं बोलत असला तरी इशिताचा अर्धा तास तसाच लोंबकळत राहत होता. उलट जास्तच. हार्मननं सोडवून घेतलेली गणितं त्या बाथरूममध्ये होती, आणि इशिता अर्धा तास बाहेर होती. हार्मननंच तिला मदत केली असेल तर?

पण मग स्वतःच तिच्यावर बोट का ठेवील? माझं डोकं भणभणायला लागलं.

"ती तुझ्याकडे शिकायला यायची?" मी विचारलं.

"इशिता? कधीच नाही. तिला गरजच काय? भागाकार तर ती माझ्यापेक्षा फास्ट करते. ब्रुक यायची एकदोनदा. पण तिला माझं समजायचं नाही, चिडायची. मग हार्मन सरच तिच्याकडे बघायला लागले."

"इशिता भागाकार करते ते तू पाहिलंयस?"

"एकदा पाहिलं न. मला हसूच आलं. हुबेहूब आपल्या शाळेसारखं."

४

इशिताला मी ऑफिसात बोलावलं. आल्या आल्या चहा विचारला, आलं घालून केलेला, तर "नको मावशी." पाणी? "नको." हातात टीमची बाटली होती, काठोकाठ भरलेली. ओठ मात्र सुकून फुटले होते.

"व्हॉलीबॉल खेळतेस आणि पाणी पीत नाहीस? मागच्या मॅचला पायात गोळे आले म्हणून तुला उचलून न्यावं लागलं, दीपा सांगत होती."

"मी ठीक आहे." ती खुर्चीच्या टोकावर बसली होती.

मी तिला फळ्यावर एक भागाकार घातला. तिनं खडू घेतला आणि क्षणात सोडवला. भाजक डावीकडे, भागाकार उजवीकडे. आमच्या शाळेतल्या बाई उठून शाबासकी देतील असा.

"हे कुणी शिकवलं?"

"बाबांनी. किचन टेबलवर." ती पहिल्यांदाच हसली. "थर्ड ग्रेडमध्ये टीचर मार्क्स कापायची, तर बाबा जाऊन तिच्याशी भांडले. म्हणाले, उत्तर बरोबर आहे ना? मग मी हट्टानं असंच करत राहिले."

मला इतका आनंद झाला! तिच्या विरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे बापानं स्वयंपाकघरात शिकवलेला भागाकार होता. पण आनंद फार टिकला नाही. मी लगेच विचार केला, कमिटीसमोर हार्मन काय म्हणेल? म्हणेल, छानच, म्हणूनच तिला त्या कागदावरचं पटकन वाचता आलं.

"इशिता, आता फक्त तो अर्धा तास राहिला बघ. कुठे होतीस?"

तिचं हसू गेलं. "मावशी, तू म्हणाली होतीस विचारणार नाही."

"अगं, स्कॉलरशिप जाईल! कॉपीचा शिक्का बसला तर पुढे कुठली शाळा तुला पोरांना शिकवायला उभी करणार आहे?"

"मला माहितीये." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला माहितीये ना! पण मी ते बोलले तर त्याहून वाईट होईल."

ती उठली. क्लास आहे म्हणाली. पर्समधून गोळी काढून, पाण्याचा एक थेंब न पिता कशीबशी गिळली. गोळीचं पाकीट मी ओळखलं. लघवीला जळजळ होते त्यावर देतात ती.

ती निघाली तेव्हा मी खिडकीतून पाहत होते. क्लासची इमारत डावीकडे. इशिता उजवीकडे वळली. मी चपला सरकवल्या आणि तिच्या मागे निघाले.

५

ती कॉलेजचं मोठं मैदान ओलांडून गेली. वाटेत लायब्ररी लागली, कॅफेटेरिया लागला, जिमचा जंगी हॉल लागला, ती कुठे थांबली नाही. फाटकाबाहेर सहा लेनचा रस्ता. सिग्नलपाशी ती पाय जुळवून, दात आवळून उभी होती. पलीकडे पेट्रोल पंप. आत जाऊन तिनं काउंटरवरच्या माणसाला नुसती मान हलवली. त्यानंही काही न विचारता एक किल्ली सरकवली, कुणी ढापू नये म्हणून भल्यामोठ्या लाकडी उलथन्याला बांधलेली. ती मागच्या बाजूला गेली.

परत आली तर मी समोर उभी. आम्ही दोघी चिप्सच्या रॅकजवळ एकमेकींकडे बघत राहिलो.

"जाऊन यायला अर्धा तास लागतो," मी म्हणाले. दुसरं काय बोलावं ते सुचेना.

आणि मग ती तिथेच रडायला लागली. सहा फुटांची पोरगी, माझ्या खांद्यावर मान ठेवायची तर तिला वाकावं लागलं.

आमच्या राज्यात नवा कायदा झाला होता. सरकारी इमारतीत बाथरूम कुणी कुठलं वापरायचं, तर जन्माच्या दाखल्यावर स्त्री-पुरुष जे लिहिलं असेल त्याप्रमाणे. रोख होता दाखल्यावर पुरुष असूनही बाई म्हणून जगणाऱ्या ट्रान्स बायकांवर. कॉलेजनं प्रत्येक दारावर पाटी लावली, खाली तक्रारीचा नंबर. मी त्या पाट्या रोज बघत होते आणि माझा काय संबंध म्हणून पुढे जात होते. माझा पाच फुटांचा देह, माझी वेणी. मला कोण अडवणार?

इशिताला अडवलं होतं. सीझनच्या पहिल्याच मॅचनंतर, जिममध्ये. मॅच बघायला आलेल्या एका बाईनं दारात हात आडवा घातला, हे बायकांचं आहे म्हणाली. इशिताला आधी वाटलं चेष्टा करतेय. बाईनं गार्डला बोलावलं. भर कॉरिडॉरमध्ये, घामानं भिजलेली पोर भिंतीला टेकून उभी, आजूबाजूला फोन वर केलेले लोक, आणि गार्ड तिचं लायसन्स उलटंसुलटं करून बघतोय. शेवटी सोडलं. पण कॉलेजकडून निरोप आला, की आणखी एक तक्रार आली तर प्रकरण खेळ विभागाकडे जाईल आणि जन्मदाखला, डॉक्टरची तपासणी, सगळं द्यावं लागेल.

"तेव्हापासून मी कॅम्पसवर जात नाही," इशिता म्हणाली. "पाणीच नाही प्यायचं. पण इन्फेक्शन झालं ना, त्या दिवशी परीक्षेत कंट्रोल होईना. शेजारचं बाथरूम दहा पावलांवर होतं मावशी. मी दारापर्यंत गेले. आतून बायकांचे आवाज आले, आणि माझी हिंमतच झाली नाही."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "अगं, मग दे ना दाखला! मुलगी आहेस, दाखला आहे, तोंडावर मार त्यांच्या!"

"आणि डॉक्टर? तपासणी? मी का कपडे काढू कुणासमोर?" तिनं डोळे पुसले. "एकदा तो प्रश्न विचारला गेला ना, की तो जात नाही. प्रत्येक मॅचला कोणीतरी ओरडेल. मंडळात काकू लोक बोलतील. आणि दाखला दाखवून मी सुटले, तर जिच्याकडे तसा दाखला नाही तिला ते अजून बिनधास्त हाकलतील. बघा, इशितानं दाखवला, तुम्हीपण दाखवा. आय वोंट बी दॅट एक्झाम्पल. आईला सांगू नकोस. कमिटीला पण नाही. प्रॉमिस कर."

मी वचन दिलं. देताना मला कळत होतं की मी स्वतःचेच हात बांधून घेतेय. ती निर्दोष आहे हे आता मला पक्कं माहीत होतं, आणि तेच मला सांगता येणार नव्हतं.

६

मग मी दुसऱ्या टोकानं विचार करायला बसले. इशिता त्या बाथरूममध्ये गेलीच नाही. म्हणजे कागद तिच्यासाठी नव्हता. मग कुणासाठी होता?

उत्तर डोळ्यांसमोर होतं, पण माझ्यासकट कुणालाच दिसलं नव्हतं. खोलीत दोघीच होत्या. दुसरी दोन मिनिटं बाहेर जाऊन आली होती. तिच्यावर संशय का आला नाही? कारण ती नापास झाली. नापास झालेल्या मुलीनं कॉपी केली असेल असं कुणाच्या मनातच येत नाही. आम्ही मास्तर लोक कायम जास्त मार्कांवर डोळा ठेवून असतो.

मी गणिताच्या प्राध्यापिकेकडून ब्रुकची उत्तरपत्रिका मागवली. पहिलंच गणित होतं ४०३५ भागिले १७. त्याचं खरं उत्तर २३७, बाकी ६. ब्रुकनं लिहिलं होतं, उत्तर ६, बाकी २३७.

मी मोठ्यानं हसले. शेजारच्या ऑफिसातला माणूस डोकावून गेला.

सतरानं भागल्यावर बाकी दोनशे सदतीस कशी उरेल? बाकी सतरापेक्षा कमीच हवी, हे तिसरीच्या पोराला कळतं. भागाकार चुकून कुणाचं उत्तर असं येतच नाही, कारण हे आकडे चुकलेले नाहीत. दोन्ही बरोबर आहेत, फक्त जागा बदललेल्या. हे आकडे ब्रुकनं काढले नव्हते, पाहिले होते. केदारच्या कागदावर २३७ उजवीकडे होता, आणि अमेरिकन डोळ्याला उजवीकडचा आकडा म्हणजे बाकी. डोक्यावर शोधायला गेली तर तिथे काहीच नाही. मग खाली उरलेला ६ तिनं उत्तर म्हणून उचलला. चारही गणितांत हाच घोळ, आणि वरच्या पायऱ्या म्हणजे मनचे मांडे.

आता हार्मनचाही उलगडा झाला. पाकीट त्याच्या कपाटात होतं. ब्रुक टीमची हुकमी खेळाडू, ती नापास झाली असती तर टूर्नामेंटला बाहेर बसवावी लागली असती. त्यानं केदारकडून उत्तरं काढून घेतली आणि ब्रुकला दिली. तिनं तो कागद आधीच बाथरूममध्ये लपवला, कारण परीक्षेला बसताना खिसे तपासतात. सगळं करूनसवरून पोरगी नापास! त्यात सफाईच्या बाईंनी कागद आणून केंद्राच्या मुख्याच्याच हातात दिला. परीक्षा रद्द झाली तर ब्रुकला पुन्हा बसता येत होतं. त्यासाठी कॉपी करणारं कुणीतरी लागत होतं, आणि अर्धा तास गायब झालेली मुलगी त्याला आयतीच मिळाली.

इशिताच्या त्या अर्ध्या तासाबद्दल एक अक्षर न उच्चारता मला हे सिद्ध करता येत होतं. मी सुटकेचा श्वास टाकला. तो जरा लवकरच टाकला.

७

हिअरिंगला लांब टेबल होतं. अध्यक्ष होत्या इतिहासाच्या एक वयस्क प्राध्यापिका, सरळ बाई. हार्मन, केदार, ब्रुक, इशिता, सगळे हजर.

मी फळ्यावर दोन्ही मांडण्या काढल्या. केदारनं फळ्यावर सोडवून दाखवलं, मग इशितानं. मग मी ब्रुकची उत्तरपत्रिका तिच्यासमोर ठेवली आणि फार मऊ आवाजात विचारलं, "बाळ, सतरा जणांना गोळ्या सारख्या वाटल्या आणि हातात दोनशे सदतीस उरल्या, तर तू काय करशील?"

ब्रुकनं आकड्यांकडे पाहिलं. थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा लाल झाला. "अजून वाटीन," ती पुटपुटली.

"मग हे दोनशे सदतीस कुठून आले?"

ती हार्मनकडे वळली. "तुम्ही म्हणाला होता नुसतं पाठ कर! तुम्ही म्हणाला होता सोपं आहे!" आणि टेबलावर डोकं टेकून हुंदके द्यायला लागली.

हार्मननं बरंच काही सारवासारव करून पाहिलं. पण ब्रुक एकदा बोलायला लागली ती थांबेना. कागद त्यानंच दिला, तिला एकटीलाच दिला, इशिताला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. केदार माझ्या शेजारी बसून नुसता मान खाली घालून डोळे पुसत होता.

"मिस इशिता," अध्यक्षबाई म्हणाल्या, "कॉपीच्या आरोपातून तुम्ही पूर्ण मुक्त आहात. झाल्या त्रासाबद्दल मी माफी मागते."

मी इशिताचा हात घट्ट दाबला.

"आता एकच गोष्ट राहिली," बाई म्हणाल्या. "परीक्षा चालू असताना इमारतीबाहेर जाता येत नाही. दाराच्या कॅमेऱ्यात तुम्ही बाहेर जाताना दिसता. नियम सगळ्यांना सारखा आहे, पेपरला शून्य. तब्येतीचं किंवा तसंच काही कारण असेल तर सांगा, मी ते मान्य करीन. पण ते नोंदीत जाईल, आणि खेळ विभागालाही कळवावं लागेल."

इशितानं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. माझ्या ओठांवर आलं होतं हो! एक वाक्य होतं नुसतं. बाई चांगल्या होत्या, समजून घेतील असं वाटत होतं. पण नोंद खेळ विभागात गेली असती, आणि तिथून तो दुसरा प्रश्न सुरू झाला असता.

"कारण काही नाही," इशिता म्हणाली. "शून्य द्या."

"तुम्हाला टूर्नामेंट खेळता येणार नाही. कळतंय ना?"

"हो."

"तुमच्या सल्लागारांना काही सांगायचंय?"

मी वचन दिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या जिभेनं माझं ऐकलं, आणि त्याचा मला इतका राग आला की हातातलं पेन मी मोडलं. "नाही," मी म्हणाले.

शनिवारी मी तिला गाडीत घालून मॉरिसव्हिलला निघाले. चार दिवस घरचं जेवू दे, म्हटलं. वाटेत दीपाचा फोन आला, गाडीच्या स्पीकरवर. आवाजात नुसता आनंद.

"विनीता, तुझे उपकार कसे फेडू गं! संजीव तर सगळ्यांना सांगत सुटलाय, माझ्या भागाकारानं पोरगी सुटली म्हणून! ईशू, ऐकतेस ना? मी वालाची उसळ केलीये."

"हो आई."

"पण मग टूर्नामेंटला का नाही घेतलं तुला? आता तर सगळं क्लिअर झालं ना?"

"एक रूल मोडला होता ना. परीक्षा चालू असताना बाथरूमला गेले, बिल्डिंगच्या बाहेर."

"एवढ्यासाठी?" दीपा कळवळली. मग आयांचं जे होतं तेच झालं, कळवळ्याचा राग झाला. "अगं पण तूही कमाल करतेस बाई! सगळं वर्ष घालवलंस त्यापायी. पेपर संपेपर्यंत थोडं थांबता आलं नाही का तुला?"

मी रस्त्यावरचे डोळे हलवले नाहीत. इशिता खिडकीकडे तोंड करून बसली होती.

"हो आई," ती म्हणाली. "पुढच्या वेळी थांबेन."